मच्छरदाणीत बसवलेलं दुसरं कार्ड

झाडीपट्टीच्या नाटकांचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधीचा आश्विन माझ्याकडे भजन मंडळांचा असतो, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी याच दिवसांत येते आणि मंडळांना त्याआधी रेकॉर्डिंग हातात हवं असतं. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, चारही बाजूंनी धान. घराच्या मागच्या खोलीत मी स्टुडिओ थाटलाय. भिंतींना जुन्या गाद्या आहेत, पण काम चालतं.

यंदा मंडळाने सहा खंजिऱ्या आणल्या. खंजिरी म्हणजे मिक्सिंग करणाऱ्याची परीक्षाच. कातड्याची थाप आणि चकत्यांचा छणछणाट एकाच हातातून येतो. कंप्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबून सारखे करणारं साधन, जास्त लावला तर चकत्या कानात घुसतात, कमी लावला तर थाप पेटीखाली दबते. मी प्रत्येक खंजिरीला वेगळा माइक लावला होता, त्यामुळे प्रत्येकीला ११७६ नावाचा कंप्रेसर आणि टेप, म्हणजे जुन्या टेप रेकॉर्डरची नक्कल, बुवांच्या आवाजाला एलए-२ए हा दुसरा कंप्रेसर, आणि सगळ्यांवर मिळून घुमारा देणारा ईएमटी १४० चा प्लेट रिव्हर्ब. हे यंत्र जर्मनीत १९५७ साली निघालं, खोलीभर जागा अडवणारा लोखंडी पत्राच तो. माझ्याकडे त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल आहे. ही सगळी प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे इफेक्ट, कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर चालत नाहीत, कॅबिनेटमध्ये बसवायच्या युनिव्हर्सल ऑडिओ कंपनीच्या यूएडी-२ कार्डावरच्या शार्क चिपवर चालतात. माझं कार्ड ड्युओ, म्हणजे दोनच चिप. चौथ्या खंजिरीला चिपवरचा भार दाखवणारं मीटर ९७ टक्क्यांवर गेलं आणि पुढचं प्लगइन बंद पडलं.

इतके दिवस मी इफेक्टसकट ट्रॅक छापून घ्यायचो आणि प्लगइन काढून टाकायचो. पण बुवांनी "तिसरी जरा मागं घे" म्हटलं की पुन्हा सगळं उलगडावं लागायचं. कंटाळून जुन्यात एक क्वाड घेतलं, चार चिपचं.

बाबा म्हणाले, "एक कार्ड तं हाये नं, मंग दुसरं कायले?" मी म्हटलं, नांगराला बैलं दोन लागतात. लगेच लक्षात आलं, ही उपमा चुकलीच. दोन कार्डं मिळून एक नांगर ओढत नाहीत. एक प्लगइन पूर्णपणे एकाच चिपवर बसतं, त्याचा अर्धा भार दुसरीवर टाकता येत नाही. दुसरं कार्ड म्हणजे शेजारच्या वावरात दुसरा नांगर. काम जास्त होतं, पण एकाही वावराची नांगरट लवकर संपत नाही. रेकॉर्डिंग करताना कार्डामुळे येणारा उशीरही त्यामुळे कमी होत नाही. गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये मी आजही ही प्लगइन लावत नाही.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो. पैसे पूर्ण देण्याआधी विकणाऱ्याच्या खात्यातून कार्ड आपल्या खात्यात वर्ग करून घ्या. एका कॉम्प्युटरमधली सगळी यूएडी-२ कार्डं एकाच खात्यावर नोंदलेली असावी लागतात. मग आधी घेतलेली प्लगइन दोन्ही कार्डांवर चालतात, पुन्हा पैसे पडत नाहीत.

कुरिअर ब्रह्मपुरीहून आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. इथेच मी घाई केली. आश्विनात धान निसवलेला असतो आणि दिवा लावला की तुडतुडे पावसासारखे पडतात. कॅबिनेट उघडून टॉर्च लावला, तर दोन मिनिटांत मदरबोर्डावर हिरवे ठिपके! चिमट्याने एकेक वेचला. शेवटी खाटेवरची मच्छरदाणी सोडली, कॅबिनेट आडवं करून आत घेतलं आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसलो. आई दारातून बघून हसून गेली.

वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. क्वाड हे एक्स-१ कार्ड, म्हणजे आखूड स्लॉटचं, पण ते लांब स्लॉटमध्येही चालतं. वेगळी पॉवरची वायर लागत नाही. वरच्या लांब स्लॉटमध्ये ग्राफिक कार्ड, मधल्या आखूडमध्ये ड्युओ, खालचा लांब स्लॉट रिकामा. तिथे बसवलं, स्क्रू आवळला, सुरू केलं.

यूएडीच्या सॉफ्टवेअरमधल्या पॅनेलमध्ये ड्युओ तेवढं दिसत होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्येही क्वाडचा पत्ता नाही.

काढून पुन्हा बसवलं. सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला. ड्रायव्हर पुन्हा टाकला. एवढ्यात लाइन गेली. अंधारात बसून विकणाऱ्याला मनातल्या मनात खूप बोललो, एक मेसेज टाइपही केला. नेट नव्हतं म्हणून गेला नाही, हे बरं झालं. सकाळी डोकं थंड झाल्यावर पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. दोन्ही कार्डांची अदलाबदल केली. मधल्या स्लॉटमध्ये क्वाड लगेच दिसलं, आणि खाली गेलेलं माझं जुनं, धडधाकट ड्युओ गायब झालं! दोन्ही कार्डं ठीक होती, खालचा स्लॉटच मेलेला होता.

मेलेलाही नव्हता. मोबाइलवर मदरबोर्डाचं मॅन्युअल उतरवलं. स्लॉटच्या तक्त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की एम.२ च्या, म्हणजे मदरबोर्डावर थेट एसएसडी बसवायच्या, दुसऱ्या जागेत एसएसडी असेल तर खालचा स्लॉट बंद राहतो. दोघांच्या लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, एकच. आणि त्या दुसऱ्या जागेत माझी तबला-ढोलकीची सॅम्पलं ठेवलेली एसएसडी बसली होती.

सॅम्पलं वायरने जोडायच्या साध्या साटा एसएसडीवर हलवली. त्यातही मॅन्युअल पाहून पोर्ट निवडला, कारण एम.२ मुळे साटाचे काही पोर्टही बंद होऊ शकतात. सुमारे ३०० जीबी कॉपी व्हायला रात्र गेली, इन्व्हर्टर दोनदा लागला. जुनी एसएसडी काढल्यावर नव्या ड्राइव्हला तेच अक्षर दिलं, नाहीतर सॅम्पलर प्रत्येक ढोलकी कुठे ठेवली म्हणून विचारत बसतो. मग कॉम्प्युटर सुरू केला आणि पॅनेलमध्ये दोन ओळी आल्या. हॉटस्पॉट लावून नवी ऑथरायझेशन फाइल घेतली तेव्हा प्लगइन दोन्हीकडे उघडली. एकूण सहा चिप.

हे वाचून कोणी नव्याने असं कार्ड घ्यायला निघू नये. २०२२ पासून त्याच कंपनीने यातली बरीच प्लगइन कार्डाशिवाय चालतील अशी आणली आहेत. माझी जुनी प्लगइन कार्डासाठीच घेतलेली होती, म्हणून मला हे परवडलं.

सहाही खंजिऱ्या उघड्या ठेवून मीटर ८० च्या आत राहिलं. तरी शेवटचा प्लेट रिव्हर्ब बसेना. एकूण जागा होती, पण कोणत्याही एका चिपवर तेवढी सलग नव्हती. दोन टेप काढून रिव्हर्ब आधी लावला, मग टेप परत टाकले, तेव्हा सगळं मावलं.

चौथ्या दिवशी मंडळातले सगळ्यात वयस्कर आजोबा ऐकायला आले. मी एकेक खंजिरी वेगळी वाजवून दाखवत होतो. चौथी लागली तसे ते पुढे सरकले.

"हे माह्या हातची हाये."

"कशावरून, आबाजी?"

"एक चकती ढिली हाये तिची." थोडं आणखी ऐकून म्हणाले, "जरा कमी कर. बाकीच्यायची बी आयकू येऊ दे."