पोटरीतलं वासरू

"ताई, ब्रिस्क एटले शुं?"

शेजारच्या बेन फाटकाशी उभ्या होत्या. पहाटेचे पावणेसहा, डिसेंबरचा गारठा, आणि मी अजून कानाला रुमाल बांधत होते. ब्रिस्क म्हणजे काय ते मला कळत होतं, पण सांगता येईना. झपझप? लगबगीनं? तरातरा? आपल्याकडे नुसतं भराभर चालणं असं नसतंच. लगबगीनं चालणारीच्या घरी पाहुणे यायचे असतात, आणि तरातरा चालणारी भांडून माहेरी निघालेली असते. डॉक्टरांनी आम्हा दोघींना लिहून दिलेल्या ब्रिस्क वॉकमध्ये ना पाहुणे ना भांडण. त्यात कुठे पोचायचंच नाही. शेवटी मी म्हटलं, "बेन, भाजीवाला गल्लीच्या टोकाला गेलाय आणि घरात कोथिंबीर नाही. तेव्हा तुम्ही जशा चालता ना, ते ब्रिस्क." बेननी लगेच कागद काढून लिहून घेतलं.

या कागदाची हकिकत अशी. बेनचा मुलगा कॅनडात. उन्हाळ्यात बेन सहा महिने तिकडे जाणार, सुनेला दिवस गेलेत. नातवंडाशी बोलायला अडू नये म्हणून त्यांनी रावपुऱ्यात इंग्रजी बोलायचा क्लास लावला. बडोद्यात सध्या फरसाणाच्या दुकानांखालोखाल असे क्लास आहेत. निम्मी पोरं तिकडे जायच्या तयारीत, आणि त्यांच्या मागोमाग आया. क्लासात दर आठवड्याला एका विषयाचे शब्द छापून देतात. विमानतळाचा आठवडा झाला, दवाखान्याचा झाला, स्वयंपाकघराचा झाला (त्यात बेननी उलट मॅडमनाच दोन गोष्टी शिकवल्या). हा आठवडा व्यायामाचा होता. चाळीस शब्द, प्रत्येकाचं वाक्य करून आणायचं. नाहीतरी रोज कमाटीबागेत जातोच, तर चालता चालता पाठ करू, असं ठरलं. बेन गुजरातीत बोलतात, मी मराठीत, आणि मध्ये बडोदं बोलतं. त्यात आता इंग्रजी.

कमाटीबाग सयाजीरावांनी १८७९ साली बांधली. तेव्हापासून गाव तिथे फिरायला जातं. माझ्या लहानपणी 'फिरायला जाणं' हाच शब्द होता, आणि फिरणं म्हणजे खरंच फिरणं. फुलांच्या घड्याळापाशी थांबायचं, पुलावरून विश्वामित्रीत वाकून मगर दिसते का बघायचं, ओळखीचं माणूस भेटलं की त्याच्याबरोबर उलट्या दिशेनं परत चालायचं. आता बागेत कोणी फिरत नाही. सगळे वॉक करतात. फिरणारा थांबू शकतो, वॉक करणारा थांबला तर मनगटावरचं घड्याळ त्याला टोकतं. मला हे फारसं आवडत नाही, पण माझ्याही मनगटावर मुलीनं तसलंच घड्याळ बांधलंय, तेव्हा जास्त बोलत नाही.

पहिले काही शब्द सोपे गेले. 'वॉर्म अप' ऐकून बेननी "ताव आव्यो?", म्हणजे ताप आला का, असं घाबरून विचारलं, तेवढंच. 'सेट' मात्र अडला. "सेट तो डिनरनो होय ने?" त्यांच्या मते फार तर दागिन्यांचा असतो. दहा बैठकांचा सेट कसा काय? 'स्क्वॉट' आला तेव्हा त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. "आ तो हुं रोज करुं छुं!" फरशी पुसताना त्या अजून उकिडव्या बसतात, काठीचं पोतं त्यांना पसंत नाही. गेली चाळीस वर्षं रोज दोन खोल्या आणि गच्ची उकिडवं बसून पुसणाऱ्या बाईला वर्गात डीप स्क्वॉटचं चित्र दाखवून 'हे हळूहळू जमेल' असं सांगण्यात आलं होतं. 'उकिडवं' हा शब्द आमच्या घरातून कमोड आल्याबरोबर गेला. बसणं गेलं, पाठोपाठ शब्द गेला. आता तेच बसणं जिममध्ये पैसे भरून परत मिळतं, पण नाव बदलून.

माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. त्यामुळे शब्द दिसला की त्याचा बाप कोण, आजा कोण ते बघायची खोड लागलेली. रात्री मी बेनच्या कागदातले शब्द कोशात बघायची आणि सकाळी त्यांना सांगायची. 'ट्रेडमिल' निघाली तुरुंगातली. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज अभियंत्यानं कैद्यांना कामाला लावण्यासाठी ती काढली. मोठं लाकडी चाक, त्याच्या पायऱ्यांवर कैदी तासन्‌तास चढत राहायचे, आणि पायऱ्या खाली जात राहायच्या. काही ठिकाणी त्यावर धान्य दळलं जायचं, काही ठिकाणी नुसतंच चाक फिरायचं. बेन म्हणाल्या, "हजी पण सजा ज छे." अजूनही शिक्षाच. त्यांच्या मुलाकडे एक आहे, तळघरात, त्यावर स्वेटर वाळत घालतात.

'जिम'चं मूळ सांगताना मी जरा आवाज खाली केला. ग्रीक भाषेत गिम्नोस म्हणजे उघडा-नागडा. तिथले लोक अंगावर काही न ठेवता व्यायाम करत, म्हणून त्या जागेचं नाव जिम्नेशियम. बेननी "हाय हाय" केलं आणि तो शब्द कागदावरून खोडायला निघाल्या. 'डंबेल' मात्र मला फार आवडला. डंब म्हणजे मुकी, बेल म्हणजे घंटा. जुन्या काळी चर्चमधली घंटा ओढल्यासारखे हात चालवायचा व्यायाम करत, पण आवाज नको म्हणून बिनघंटेचा. त्या मुक्या घंटेचं नाव पुढे हातातल्या वजनाला चिकटलं. शाळेत आम्ही लाकडी डंबेल्सची कवायत करायचो, साठ पोरी एका तालात ठक्‌ ठक्‌ वाजवायचो. मुक्या कसल्या, शेजारच्या वर्गाला शिकू द्यायच्या नाहीत.

आणि मग आला 'मसल'. लॅटिनमध्ये मस्क्युलस, म्हणजे छोटासा उंदीर. कातडीखाली स्नायू हलतो तो उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. हे वाचलं आणि मी रात्री एकटीच हसले, कारण मला एकदम वडिलांचा दंड आठवला. आम्ही भावंडं लहान असताना ते हात कोपरात मुडपून दंड फुगवायचे आणि म्हणायचे, "दाबा बेटकुळी." बेटकुळी म्हणजे बेडकी. आम्ही दोन्ही हातांनी दाबायचो, ती दबायची नाही. रोमन माणसाला दंडात उंदीर दिसला, मराठी माणसाला बेडकी दिसली. बेनना विचारलं तर त्यांच्याकडे गोटलो, आंब्याची कोय. इंग्रजीत पोटरीला 'काफ' म्हणतात, आणि वासरालाही. कोशकार म्हणतात, दोन्ही शब्दांचं नातं पक्कं सांगता येत नाही. पण बेननी ते मानलं नाही. त्यांनी पोटरीला हात लावून "वाछरडुं" म्हटलं, आणि तो शब्द त्यांना कायमचा पाठ झाला.

वडील प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात जायचे. माणिकरावांचं मूळ नाव गजानन यशवंत तांबे, गुरू जुम्मादादा, आणि आखाड्याचं नाव गुरूंवरून जुम्मादादा व्यायाम मंदिर. हिंदू चेला, मुसलमान उस्ताद, आणि मराठी राजाचं गुजराती गाव. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात इथेच माणिकरावांकडे तयार झाले. माणिकरावांचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. शेकडो पोरांची एकत्र कवायत घ्यायची तर हुकूम कुठल्या भाषेत द्यायचे? तेव्हा कवायत म्हटली की गोऱ्या साहेबाचं इंग्रजी. माणिकरावांनी हुकूमच देशी केले. वडील म्हातारपणी काठी टेकत उठायचे तेव्हासुद्धा आधी स्वतःला "सावधान!" म्हणायचे, मग उठायचे.

या गावाला शब्द पाडायची जुनी सवय आहे. सयाजीरावांनी राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांचा कोश करवून घेतला, तो १९३१ साली निघाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९३६ पासून, इथल्याच द. चिं. मजुमदारांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश निघू लागला, तो दहा खंडांवर जाऊन थांबला. दहा खंड! जोर, बैठका, मलखांब, कुस्तीचे पेच, सगळं तपशीलवार. ग्रंथालयात ते खंड झटकून परत फडताळात लावताना माझेच दंड भरून यायचे.

शब्दांचा प्रवास उलटाही झालेला आहे. आखाड्यातली आपली जोडी, म्हणजे दोन हातांत फिरवायचे लाकडी मुद्गल, इंग्रजांनी पाहिली आणि 'इंडियन क्लब' म्हणून विलायतेला नेली. तिकडे तिचं असं वेड लागलं की १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धा होती. बेनच्या कागदात मात्र जोडी नव्हती. जोर नव्हते, 'पुशअप' होते.

'बर्पी' होती. ती मला आधी गुजराती मिठाई वाटली. पण ते रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसाचं आडनाव निघालं. त्यानं १९३० च्या दशकात माणसाची तब्येत तपासायला खाली बसा, पाय मागे टाका, पुढे घ्या, उठा अशी चार ठेक्यांची चाचणी काढली होती. बिचाऱ्याच्या आडनावाला आता जगभर लोक धापा टाकत शिव्या देतात. आणि 'फार्टलेक' होता. हा कागदावर कसा आला देव जाणे, कुठल्यातरी यादीतून उचलला असणार. बेननी तो वर्गात मोठ्यानं वाचला तेव्हा मागच्या बाकावरची पोरं का हसली, ते त्यांना कळलं नव्हतं. मला कळलं होतं, पण मी सांगितलं नाही. मूळ शब्द स्वीडिश, अर्थ 'वेगाशी खेळ'. त्या झाडापर्यंत पळा, मग दिव्याच्या खांबापर्यंत चाला, वाटलं की परत पळा. सगळा मनाचा कारभार. एवढ्या यादीत हा एकच शब्द मला फिरायला जाण्याच्या नात्यातला वाटला.

आम्ही तो करूनही बघितला. फुलांच्या घड्याळापर्यंत पळायचं ठरलं. पळायचं म्हणजे 'जॉगिंग', आणि त्यालाही आपल्याकडे चांगला शब्द आहे, दुडकी चाल. घोडा धड चालत नाही, धड दौडत नाही, मधल्यामध्ये उड्या मारत जातो ती. साडी खोचून बेन आणि पंजाबी ड्रेसात मी अशा दुडक्या चालीनं निघालो. समोरून येणाऱ्या एका आजोबांनी आदरानं वाट सोडली. घड्याळापाशी पोचलो तेव्हा माझ्या मनगटावरचं घड्याळ सांगत होतं, चार हजार एकशे बारा पावलं. अजून दहा हजार व्हायला निम्म्याहून जास्त बाकी. हा दहा हजारांचा आकडा, मी शोधला तर, कुठल्या डॉक्टरानं ठरवलेला नाहीच. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव मानपोकेई, म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारं'. विकायला बरं वाटलं म्हणून ठेवलेलं नाव जगाच्या मनगटावर बसलं. आपल्या पूर्वजांनी जेवणानंतर शंभरच सांगितली होती. शतपावली. मला शंभरातली माणसं जास्त समंजस वाटतात.

हे सगळं बेनना समजावून सांगत असतानाच माझ्या डाव्या पोटरीत काहीतरी जोरात आवळलं गेलं. मी ओरडले, "आई गं! वांब आला!"

बेन इकडेतिकडे बघू लागल्या. कोण आला? त्यांना वाटलं, मला कोणी ओळखीचं दिसलं. मी पाय धरून बाकावर कोसळले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "अरे, गोटलो चडी गयो!" म्हणत त्या खाली बसल्या, उकिडव्या, आणि माझा बूट काढून अंगठा धरून पाऊल वर ओढू लागल्या. दुखत होतं भयंकर. जाणाऱ्या येणाऱ्यांतला एक तरुण, कानात बोंडं घातलेला, थांबून म्हणाला, "आंटी, स्ट्रेच करो, इलेक्ट्रोलाइट लो." बेननी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पलीकडे प्राणिसंग्रहालयातून कसलातरी आवाज आला, आणि माझ्या पोटरीतलं वासरू हळूहळू सैल झालं.

मग बेननी कागद उलगडला. सतराव्या नंबरावर होता, 'क्रॅम्प'. समोरची जागा कोरी होती. त्यांनी गुजरातीत लिहिलं, गोटलो. मग पेन तसंच धरून विचारलं, "तमारुं शुं कहेवाय?"

"वांब."

तोही लिहिला. गुजराती अक्षरात माझा वांब बिनशेंडीचा, बिनशिरोरेघेचा दिसत होता, पण दुखणं तेच. अमेरिकेत याला 'चार्ली हॉर्स' म्हणतात, बेसबॉलच्या खेळाडूंनी रूढ केलेला शब्द, असं मी सांगितलं. बागेच्या दरवाज्यापाशी सयाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे, गाव त्याला काळा घोडा म्हणतं. बेन तिकडे बघत म्हणाल्या, म्हणजे काळा घोडा? तोही लिहिला. आता वाक्य. त्यांनी डोळे मिटून वाक्य जुळवलं, "माय फ्रेंड हॅज अ गोटलो." मी ते दुरुस्त केलं नाही.

ऊन पिवळं होऊन झाडांतून उतरलं होतं. दरवाज्याबाहेर फाफड्याचं तेल तापल्याचा वास इथवर येत होता, आणि गर्दी वाढली की फाफड्याबरोबरचा पपईचा संभारो आधी संपतो, हे बेनना पक्कं माहीत. मी लंगडत उठले. बेन पुढे निघाल्या, आणि यावेळी खरोखर ब्रिस्क.