तुटलेला भाग आणि त्यामागचा कागद

लहान प्रवासी विमानांच्या अपघातांचे तपास अहवाल वाचण्याची मला जुनी सवय आहे. या वाचनातून माझे एक मत पक्के होत गेले आहे: एखादा भाग कशाने तुटला हे शोधणे हे तपासातले त्यातल्या त्यात सोपे काम असते. धातूला थकवा येऊन पडलेली भेग एकदम आरपार जात नाही. ती उड्डाणागणिक थोडी थोडी सरकते आणि तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वक्र रेषा सोडत जाते. त्या रेषा जिथे एका बिंदूभोवती गोळा होतात, तिथे भेगेचा उगम. सूक्ष्मदर्शकाखाली हे वाचणारे लोक अनुभवी असतात आणि त्यांचे उत्तर बहुधा काही दिवसांत येते. खरे महिने जातात ते दुसऱ्या प्रश्नावर, की हा भाग विमानावर बसवण्याआधी ज्याच्या हातात होता, त्याने तो ठीक आहे असे कशाच्या आधारावर लिहून दिले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात कॅरोल्टनजवळ २१ ऑगस्ट १९९५ रोजी कोसळलेले एम्ब्रेयर १२० हे विमान. अटलांटाहून २९ जणांना घेऊन निघालेले हे दोन इंजिनांचे टर्बोप्रॉप सुमारे १८ हजार फुटांवर चढत असताना डाव्या प्रोपेलरचे एक पाते तुटले. तोल गेलेल्या प्रोपेलरच्या हादऱ्यांनी इंजिन जागेवरून सरकले, पंखाचा आकार बिघडला, आणि एका इंजिनावर सहज उडू शकणारे विमान उंची राखू शकले नाही. भेगेचा उगम पात्याच्या आतल्या पोकळीत सापडला. पाते संतुलित करण्यासाठी या पोकळीत शिशाचे वजन भरत आणि ते जागेवर राहावे म्हणून बुचाच्या लाकडाचे बूच बसवत. ते बूच क्लोरीनने विरंजित केलेले होते. ओलावा आणि क्लोरीनचा अंश एकत्र आल्यावर ॲल्युमिनियमवर गंजाचे बारीक खड्डे पडले, आणि अशाच एका खड्ड्यातून भेग निघाली.

इथवरचा भाग प्रयोगशाळेचा. अहवाल खरा गंभीर होतो तो यापुढे. याच जातीची दोन पाती मार्च १९९४ मध्ये उड्डाणात तुटली होती, आणि त्यामुळे सेवेतल्या पात्यांची अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी आतली भेग शोधण्याची, तपासणी सुरू झाली होती. कॅरोल्टनच्या विमानाचे पाते त्या तपासणीत नापास झाले आणि उत्पादकाच्या दुरुस्ती केंद्रात गेले. तिथल्या तंत्रज्ञाने पोकळीत बोरोस्कोप (आत डोकावायची बारीक दुर्बीण) घालून पाहिले, त्याला काही दिसले नाही, आणि त्याने पोकळीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केला. ही पद्धत मुळात छर्रे मारून कठीण केलेल्या पोकळ्यांसाठी होती, कारण त्या छऱ्यांच्या खुणांमुळे भेग नसतानाही संकेत उमटत. हे पाते तसे नव्हते. घासल्याने गंजाचा दृश्य पुरावा गेला, नंतरच्या तपासणीत भेग पकडली गेली नाही, आणि पाते योग्य ठरून परत आले.

मला या तंत्रज्ञाचा राग येत नाही. त्याला दिलेली पद्धत त्याने वापरली. खोटा संकेत येऊ शकतो असे एकदा कागदावर आले की खराही खोटा वाटू लागतो. तपासणीच्या कोणत्याही कामात हा धोका असतोच.

छोट्या विमानांच्या बाबतीत तपासनिसाची आणखी एक अडचण असते, आणि ती म्हणजे पुराव्याची गरिबी. ५ एप्रिल १९९१ रोजी जॉर्जियातच ब्रन्सविक येथे कोसळलेल्या दुसऱ्या एम्ब्रेयर १२० वर ना ध्वनिमुद्रक होता, ना उड्डाणाची माहिती नोंदवणारे यंत्र. डाव्या प्रोपेलरच्या नियंत्रकातील एका दातेरी जोडणीचे झिजलेले दाते आणि पात्यांचे कोन यांवरूनच कारण जुळवावे लागले.

याउलट, माहितीचा मुद्रक असला की तो किती काटेकोर साक्ष देतो, हे ८ जानेवारी २००३ च्या शार्लट येथील अपघातात दिसते. बीचक्राफ्ट १९०० डी जातीच्या त्या विमानातील २१ही जण उड्डाणानंतर काही सेकंदांतच मृत्युमुखी पडले. आधीच्या उड्डाणांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आले, की दोन दिवसांपूर्वी रात्री झालेल्या देखभालीनंतर एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीच्या, नोंदी सरकल्या होत्या. केबलचा ताण जुळवताना टर्नबकल (केबल ताणणारे आट्यांचे जोड) चुकीचे बसले होते आणि नाक खाली आणण्याची एलिव्हेटरची क्षमता जवळपास निम्म्यावर आली होती. काम करणारा मेकॅनिक ते या विमानावर पहिल्यांदाच करत होता आणि त्याने कार्यपद्धतीतल्या काही पायऱ्या गाळल्या होत्या. तरीही विमानाने त्यानंतर नऊ उड्डाणे केली! दहाव्या वेळी ते जास्त भरलेले आणि शेपटीकडे जड होते, आणि उरलेली निम्मी क्षमता तेव्हा पुरली नाही. 'उडत होते ना, मग ठीकच असणार' हा युक्तिवाद मी यंत्रांच्या संदर्भात पुष्कळदा ऐकला आहे, आणि दरवेळी मला ही नऊ उड्डाणे आठवतात.

टेक्सासमधील ईगल लेकचा अपघात (११ सप्टेंबर १९९१, १४ मृत) तर तुटलेल्या भागाचाही नव्हता. शेपटीच्या आडव्या पंखाच्या डाव्या अग्रपट्टीचे (पुढच्या कडेच्या पट्टीचे) वरचे ४७ स्क्रू आदल्या रात्री एका शिफ्टने काढले होते, आणि पुढच्या शिफ्टला ते लेखी कळले नाही. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळाचे सदस्य जॉन लाउबर यांनी त्या अहवालाला वेगळे मत जोडले. नियमपालनाची संस्कृती निर्माण करण्यात कंपनीचे व्यवस्थापन अपयशी ठरले, ही बाब कारणांत यायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते ते म्हणणे मूळ अहवालापेक्षा टिकाऊ ठरले.

मात्र कागदाकडे बघण्याच्या या आवडीवर मी स्वतःच एक लगाम ठेवतो, तो २००७ मधल्या डॅश ८ क्यू४०० विमानांमुळे. ९ सप्टेंबरला डेन्मार्कमधील ऑलबोर्ग येथे आणि १२ सप्टेंबरला लिथुआनियातील व्हिल्नियस येथे एकाच विमान कंपनीच्या दोन विमानांचे उजवे मुख्य चाक उतरताना कोलमडले. चाक खाली-वर करणाऱ्या ॲक्चुएटरमधील आट्यांना गंज लागून जोड निसटला होता. २७ ऑक्टोबरला कोपनहेगनला त्याच कंपनीच्या तिसऱ्या विमानाचे उजवे चाक बाहेरच आले नाही. पुन्हा गंजच, असे कुणालाही वाटले असते, आणि कंपनीने दुसऱ्याच दिवशी ही विमाने कायमची सेवेबाहेर काढली. तपासनिसांनी ॲक्चुएटर उघडला तेव्हा आटे शाबूत होते. द्रवाचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रिस्ट्रिक्टर व्हॉल्व्हच्या अरुंद छिद्रात रबराचे एक सुटे ओ-रिंग (गळती रोखणारे कडे) अडकून बसले होते.