अल्फाला बाहेरचं लागलं होतं का?

आमच्या वाचनगटात आठ जण आहोत. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचं, सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि ज्याचं घर त्याने गोड काहीतरी करायचं, एवढाच नियम. फ्रान्समध्ये येऊन मला नऊ वर्षं झाली, या गटात पाच. त्यात मी एकटीच भारतीय. बहुतेक वेळा मी ऐकते, कारण फ्रेंचमध्ये वाद घालणं मला अजून जड जातं. गेल्या महिन्यात मात्र बोलल्यावाचून राहवलं नाही.

पुस्तक होतं फ्रेंच-सेनेगाली लेखक दाविद दिओप यांची कादंबरी 'फ्रेर दाम'. 2018 साली आली. त्याच वर्षी तिला गाँकूर या फ्रेंच साहित्य पुरस्कारांपैकी तो पुरस्कार मिळाला, ज्यात शाळकरी मुलं पुस्तक निवडतात. 'अ‍ॅट नाइट ऑल ब्लड इज ब्लॅक' या इंग्रजी अनुवादाला 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, त्यामुळे तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. नावातच खोच आहे. 'फ्रेर दार्म' म्हणजे लढाईतला सोबती. त्यातला एक र गाळला की तो जिवाचा भाऊ होतो.

पहिलं महायुद्ध. अल्फा आणि मादेंबा हे सेनेगालचे, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीतले, दोघे जिवलग मित्र फ्रान्सच्या बाजूने खंदकात लढतायत. मादेंबाचं पोट फाटतं, आतडी बाहेर येतात. तो तीनदा विनवतो, मला मारून टाक, सोडव यातून. अल्फाच्याने ते होत नाही. धर्म, वाडवडिलांची शिकवण, सगळं आडवं येतं, आणि मित्र तळमळत मरतो. त्यानंतर अल्फा रात्री सरपटत पलीकडे जातो, एका निळ्या डोळ्यांच्या जर्मन सैनिकाला गाठतो, मित्रासारखंच त्याचं पोट फाडतो, त्याने विनवल्यावर मात्र लगेच सोडवतो. परत येताना त्याची बंदूक आणि मनगटापासून तोडलेला हात घेऊन येतो. पहिल्या तीन हातांना खंदकात शाबासकी मिळते. चौथ्यापासून लोक नजर चुकवायला लागतात. सात झाल्यावर कॅप्टन त्याला आघाडीवरून मागे पाठवून देतो.

आमच्यात पहिल्या दहा मिनिटांतच दोन तट पडले. गटातले निवृत्त शिक्षक पुस्तकावर नाराज होते. हातात कोयता घेतलेला रानटी काळा माणूस, हे चित्र तर वसाहतीच्या काळात आमच्या लोकांनीच रंगवलं होतं, तेच पुन्हा कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या तोंडून हे आलं याचं मला बरं वाटलं, पण पटलं नाही. कारण पुस्तकात अल्फा स्वतःच सांगतो की फ्रान्सला आमचं रानटीपण हवं असतं, शत्रूने घाबरावं म्हणून. एका हातात बंदूक, दुसऱ्यात कोयता, आणि शिट्टी वाजली की वेडं व्हायचं. शिट्टी थांबली की शहाणं. अल्फाचा गुन्हा इतकाच की तो शिट्टी थांबल्यावरही वेडा राहतो. माझ्या मते या पुस्तकातली खरी भीती त्या सात हातांत नाही. ती पहिल्या तीन हातांच्या शाबासकीत आहे.

दुसरी तक्रार पुनरुक्तीची. अल्फा वाक्यावाक्याला 'देवाशपथ खरं सांगतो' म्हणतो, तीच तीच गोष्ट पुन्हा सांगतो. दोघातिघांना ते कंटाळवाणं झालं होतं. त्यावर गटातल्या नर्सबाई म्हणाल्या की रात्रपाळीत अपघाताचे रुग्ण येतात तेव्हा ते असंच बोलतात, एकच वाक्य, एकच वाक्य. आपण उत्तर दिलं तरी परत तेच. यानंतर त्या तक्रारीवर कुणी फार ताणलं नाही. शेवटाकडे अल्फावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मुलीबरोबरचा एक प्रसंग आहे, तो मात्र नर्सबाईंनाही सोसवला नव्हता. मलाही नाही. त्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं ते दोन दिवसांनी उघडलं.

मी जिथे राहते त्या रेंस शहरात या विषयापासून पळता येत नाही. इथल्या बागेत एक स्मारक आहे: मधोमध झेंडा घेतलेला गोरा अधिकारी आणि भोवती आफ्रिकी सैनिक. 1918 मध्ये हे शहर राखायला जे आफ्रिकेतून आले होते त्यांच्यासाठी 1924 साली ते उभारलं. 1940 मध्ये जर्मनांनी ते काढून नेलं. तसंच दुसरं घडवून त्याचं रीतसर उद्घाटन झालं ते थेट 2018 मध्ये. पश्चिम आफ्रिकेतून त्या युद्धात सुमारे 2 लाख माणसं भरती केली, त्यातली सुमारे 30 हजार परत गेली नाहीत. माझी मुलगी लहान असताना मी त्या पुतळ्यांशेजारी बसून तिला केळं भरवायचे. तेव्हा पाटीही वाचली नव्हती.

मी बोलले ते एका शब्दावरून. चौथ्या हातानंतर सोबतचे सैनिक अल्फाला 'देम' म्हणायला लागतात. माणसाचा जीव आतून खाणारा, चेटूक करणारा. गटातल्या बहुतेकांना ती आफ्रिकेची लोककथा वाटली, कादंबरीत रंग भरणारी. मी म्हटलं, नाही हो. माझ्या घरात हे घडलेलं आहे.

माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातले. त्याच युद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले. कूत अल अमाराला पलटण वेढ्यात सापडली, जवळजवळ पाच महिने उपासमार झाली, घोडे मारून खायची पाळी आली. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली, आणि उरलेल्यांना कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेलं. पणजोबा त्यातून परत आले. गावच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, किती गेले आणि किती मेले एवढं लिहिलेली. पणजोबा तिच्यात फक्त 'गेले'मध्ये मोजलेत.

ते घरी युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत. दिओप यांचे फ्रेंच पणजोबाही त्या युद्धात होते आणि तेही गप्पच राहिले. त्या गप्प राहण्यातूनच आपण या विषयाकडे वळलो, असं दिओप यांनी सांगितलेलं आहे. हे वाचल्यावर मी आत्याला फोन लावला होता. आत्याने तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, लहानपणी पाहिलंय. ती म्हणाली, "रात्री उठून घरातली सगळी भांडी पाण्याने भरून ठेवायचे गं. कळशा, तांबे, पातेली. माझी भातुकलीची बोळकीसुद्धा. सकाळी आजी काही न बोलता ते पाणी परड्यातल्या वांग्यांना घालायची." गाव म्हणायचं, म्हाताऱ्याला बाहेरचं लागलंय. परमुलखातून काहीतरी अंगावर घेऊन आलाय. देवऋषी झाला, अंगारे झाले, लिंबं उतरवून टाकली. लोक आपली पोरं त्यांच्याजवळ बसू द्यायचे नाहीत.

हे सगळं मी फ्रेंचमध्ये कसंबसं सांगितलं. 'बाहेरचं' या शब्दाला मला फ्रेंच सापडेना, म्हणून तो मराठीतच सांगितला. शिक्षकांनी विचारलं, "मग तुमच्या गावातले लोक चुकत होते?" मी म्हटलं, औषध चुकलं होतं, पण आपल्या माणसाच्या आत आता आणखी कुणीतरी राहतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सैन्याच्या कागदात तेवढंही नव्हतं.

मग चर्चा शेवटावर आली. (ज्यांना पुस्तक वाचायचंय त्यांनी इथेच थांबावं.) शेवटच्या पानांत बोलणारा आवाज अल्फाचा की मेलेल्या मादेंबाचा, हेच कळेनासं होतं. त्यावर आमचा पाऊण तास गेला. मनाचे दोन तुकडे, अपराधभाव, लेखकाची युक्ती, सगळं बोलून झालं. एकमत झालं नाही, उशीर झाला, मंडळी उठली.

रविवारी आत्याला फोन केला तेव्हा तिला सगळी गोष्ट सांगितली. ती मधे मधे "अरे देवा" म्हणत ऐकत होती. मग विचारलं, "त्याला कुणाला दाखवलं की नाही?"

दाखवलं, मी म्हटलं. फ्रेंच डॉक्टर होता. कागद-पेन्सिल देऊन चित्रं काढायला लावायचा. अल्फाने आईचं चित्र काढलं, मित्राचं काढलं, आणि ते सात हात काढले.

"आणि मग?"

मग शेवटी मित्रच त्याच्या तोंडून बोलायला लागतो.

"म्हणजे अंगात आला," आत्या म्हणाली. "येणारच. पाणी मागावं तसं मरण मागत होता बिचारा, आणि ते दिलं नाही त्याला."