आजीच्या डब्यातले चौदा रुपये

पावसाआधी घराचे वासे बदलायचे होते. आईने आजीचा पितळी डबा माझ्या हातात दिला. आत इंग्रजांच्या काळातले चांदीचे चौदा रुपये. "चिपळूणला जा नि मोडून ये," म्हणाली. मी गुहागरहून सकाळची एसटी धरली.

सराफाकडे लग्नसराईची गर्दी. दीड तास बाकावर बसलो. नंबर आल्यावर त्याने सगळे रुपये एकदम काट्यावर ओतले. मी काही बोलायच्या आत त्यातला एक उचलून कसोटीच्या दगडावर कड घासली आणि वर तेजाबाचा थेंब टाकला. साल बघितलं नाही, छाप बघितला नाही. "मिसळ माल आहे, सरसकट निम्मी चांदी धरतो," म्हणाला. समोर काचेखाली त्याचंच लक्ष्मीचं १० ग्रॅमचं नाणं होतं. त्याला दिवसाचा भाव, वर घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी. परत आणलं तर? "फक्त चांदीचा भाव." म्हणजे घडणावळ आणि कर गेलेच.

मी बाहेर येऊन मोबाइलवर हिशेब केला. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा, एक तोळा. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम. त्या नव्या ९९९ च्या (९९.९ टक्के शुद्ध) नाण्यापेक्षा जास्त! आणि तो मला ५.८३ चे पैसे देत होता. आत जाऊन डबा परत मागून घेतला. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

पुढच्या आठवड्यात रत्नागिरीला नाणी जमवणारे एक निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी मऊ फडक्यावर रुपये मांडले, प्रत्येक कडेने धरून, आणि दहा मिनिटांत वाटे केले. १९४० ते १९४५ चे पाच: यांत खरोखर निम्मीच चांदी, हे वजनावरच द्यायचे. १९१७-१८ चे आठ: ९१.७ टक्के चांदीचे, पण तेव्हा अफाट पाडलेले, त्यामुळे भावापेक्षा थोडंच जास्त. चौदावा १९११ चा. भिंगातून दाखवलं: राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो. लोक भडकले, सरकारने रुपया मागे घेतला, १९१२ ला हत्ती सुधारला. म्हणून संग्राहक त्याला चांदीच्या कित्येक पट देतात.

"पण कडेला हे काय?" गुरुजींनी विचारलं. तोच रुपया दगडावर घासला गेला होता. त्यांच्या मते तेवढ्याने किंमत निम्म्यावर आली.

तेव्हा आधी सालं बघून वाटे करा, मग सराफाची पायरी चढा. कस लावू देऊ नका. चिंच, राख, पावडर काहीही लावू नका. काळा पडलेला रुपया काळाच ठेवा, चकाकी आणली की संग्राहक हात लावत नाही. आणि १९३९ चा दुर्मीळ रुपया सापडला तर लगेच हुरळू नका, साल कोरून केलेले नकली फार फिरतात, दोन जाणकारांना दाखवा.

आठ रुपये गुरुजींनीच घेतले. पाच दुसऱ्या पेढीवर वजनाने दिले, तिथे काटा माझ्याकडे फिरवून दाखवला. वाशांचे पैसे झाले. १९११ चा विकला नाही. कागदाच्या पुडीत घालून आईने तो पुन्हा डब्यात ठेवला आहे.