कुऱ्हाडीचं पातं आणि सहा शरणपुरं

सोलापूरकडच्या उन्हाळ्यात कुऱ्हाडीचा दांडा सुकून आकसतो आणि पातं नेढ्यात खुळखुळायला लागतं. पाचर ठोकली की ते बसतं. पाण्यात भिजवूनही बसतं, पण दुपारच्या उन्हात दांडा वाळला की पुन्हा ढिलं. बायबलच्या 'अनुवाद' पुस्तकात, १९व्या अध्यायात, नेमकं हेच पातं आहे. दोघे रानात लाकडं तोडायला जातात, पातं निसटून सोबत्याला लागतं, सोबती मरतो.

वैर नव्हतं, म्हणून तो खून नव्हे. पण मेलेल्याचा जवळचा नातलग, म्हणजे 'गोएल', रक्ताचा सूड घ्यायला निघणार, हे कायद्याने गृहीतच धरलंय. म्हणून सहा शरणपुरं, म्हणजे अशा माणसाने आसरा घ्यायची गावं. यार्देन नदीच्या पश्चिमेला केदेश, शखेम, हेब्रोन. पूर्वेला बेसेर, रामोथ, गोलान. देशाचे तीन भाग करून रस्ते तयार ठेवायचे, कारण अंतर जास्त पडलं तर संतापलेला गोएल आधी गाठणार.

पळून आलेल्याने वेशीत उभं राहून वडीलधाऱ्यांना हकिगत सांगायची. ते आत घेतात, पण तेवढ्याने सुटका नाही. समाजासमोर निवाडा होतो. लोखंडी हत्यार, जीव जाईल असा दगड, दबा धरणं, जुनं वैर, यातलं काही दिसलं तर तो खुनी. एकाच साक्षीदारावर मात्र कोणालाही मृत्युदंड नाही. अपघात ठरला तर त्याला परत शरणपुरात पाठवतात आणि मुख्य याजक (सर्वोच्च पुरोहित) मरेपर्यंत तिथेच राहावं लागतं. हद्दीबाहेर पाऊल टाकलं आणि गोएलने मारलं, तर गोएलवर दोष नाही. पैसे भरून घरी परतायचीही सोय नाही, खुन्याला नाही आणि यालाही नाही. मला या कायद्यातली सगळ्यात कडक अट हीच वाटते: श्रीमंताचा अपघातही स्वस्तात मिटत नाही.

पुढे मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या 'मक्कोथ' भागात रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, याचा कीस काढलाय. आपल्याकडच्या माळवदासारखीच तिथली घरं सपाट छपराची. छपराची माती दाबायला रूळ फिरवत. तो रूळ ढकलताना खाली पडून कोणी मेलं तर हद्दपारी, म्हणजे शरणपुरात जाणं, ओढून घेताना पडला तर नाही. शिडी उतरताना कोणाच्या अंगावर पडला तर हद्दपारी, चढताना पडला तर नाही. सूत्र एकच: घाव खाली येण्याच्या ओघात बसला का? खाली येणारी वस्तू सांभाळणं तुमचं काम.

कुऱ्हाडीवरही वाद आहे. मूळ हिब्रूत पातं 'एत्स'वरून निसटतं, आणि 'एत्स' म्हणजे लाकूड, मग ते दांड्याचं की तोडायच्या झाडाचं? पातं दांड्यातून निसटलं तर बाकीचे रब्बी म्हणतात हद्दपारी, रब्बी यहूदा हनासी म्हणतात नाही. लाकडाची ढलपी उडून लागली तर दोघांची मतं बरोबर उलटी.

गंमत म्हणजे १८६०च्या भारतीय दंड संहितेत कलम ८०खालीही निसटणारी कुऱ्हाडच उदाहरणाला होती, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८मध्येही ती कायम आहे. पुरेशी काळजी घेतली होती, तर गुन्हाच नाही. पाचर ढिली आहे हे माहीत असून कुऱ्हाड चालवली, तर प्रकरण निष्काळजीपणाने मृत्यूच्या कलम १०६कडे जाऊ शकतं. आपल्याकडे निर्दोष ठरलेला संध्याकाळी घरी जातो. तिथे निर्दोषालाही गाव सोडावं लागतं.

आणि ते कधी संपणार, हे दुसऱ्याच्या मरणावर. मुख्य याजकांच्या आया या लोकांना जेवण नि कपडे पुरवत, असं मिश्ना सांगते, का तर या लोकांनी त्या याजकाच्या मरणाची प्रार्थना करू नये. शरणपुरातल्या लोकांनी पळून आलेल्याला मान द्यायचं ठरवलं, तर त्याने आधी सांगायचं, "मी मनुष्यवध केलेला आहे." तरीही चालेल म्हणाले, तर घ्यायचा.