चिमीचं नाक

सकाळपासून पोटात गोळा होता. पांढरी मांजर, त्यात इथे रोममधलं ऊन, दिवसभर बाल्कनीत पडून असायची, नाकावर खपली धरली तेव्हा वाटलं कुठेतरी भांडून आली असेल, बायोप्सीत स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन म्हणजे नाकच कापायचं, म्हणून इलेक्ट्रोकेमोथेरपी. भूल देऊन शिरेतून ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध, मग काही मिनिटांनी नाकाला इलेक्ट्रोड लावून विजेचे पल्स, १०० मायक्रोसेकंदाचे, त्याने पेशीचं आवरण जरा वेळ सैल होतं आणि एरवी आत न शिरणारं औषध आत जातं. आता घरी आणलीये, नाक सुजलंय, चमच्याने भरवलं तर दोनदा चाटलं. आईला साताऱ्याला फोन केला, ती रडलीच. दोन-तीन आठवड्यांनी परत दाखवायचंय, तोवर बाल्कनीचं दार बंद.