आईबाबांना मारू नका, विरार लोकलमध्ये बसवा

मुलांच्या गोष्टीत आईबाबा असणं हे फार रिस्की काम आहे. हॅरी पॉटरचे आईबाबा तो जेमतेम वर्षाचा असताना गेले, रोआल्ड डालच्या जेम्सच्या आईवडिलांना तर चक्क गेंडा खातो, तोही भर लंडनमध्ये. एनिड ब्लायटन त्या मानाने दयाळू, फेमस फाइव्हच्या पहिल्याच पुस्तकात ती पोरांच्या आईबाबांना स्कॉटलंडला फिरायला पाठवते. आणि आपला फास्टर फेणे फुरसुंगीचा, पण राहतो पुण्यात विद्याभवनच्या हॉस्टेलवर, म्हणजे प्रश्नच मिटला. कारण उघड आहे ना, आई घरात असली की "इतक्या रात्री कुठे निघालास?" एवढं एक वाक्य आणि गोष्ट खलास.

दुसरं टोक म्हणजे श्यामची आई. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या गोष्टींतल्या आया बिचाऱ्या संस्कारच करत बसल्यात. खरी श्यामची आई तशी नाहीच्चे! पोहायला जात नाही म्हणून ती पोराला फोडून काढते, नवऱ्याच्या कर्जापायी दारात आलेला अपमान गिळते, चिडते, रडते, आणि श्यामला हे सगळं दिसत असतं. नंतरच्या लोकांनी तिचा उपदेश तेवढा उचलला आणि राग मागे ठेवला, हे मला अजिबात पटत नाही.

मला हवेत ते आईबाबा या दोन्हीत नाहीत. मुंबईत त्यांना मारायची गरजच काय? वन रूम किचनमध्ये ते इतके जवळ असतात की फोनवर हळू आवाजात झालेलं लोन आणि हप्त्याचं बोलणंपण पोराला ऐकू जातं, आणि तेच आईबाबा सकाळी एकदा लोकलला लटकले की संध्याकाळपर्यंत गायब. चावी शेजारच्या काकूंकडे, डबा ओट्यावर, क्लासला जाताना गॅस बघ. एवढ्या वेळात एखाद्या पोराने बिल्डिंगच्या गच्चीवर काय काय उद्योग करावेत! बोक्या सातबंडेच्या घरात आई, बाबा, आजी, दादा सगळे हजर असतात, तरी त्याचं काही अडत नाही. म्हणजे जमतं, लिहिणाऱ्याने मनावर घेतलं पाहिजे.

अर्थात आता मोबाइल आलाय आणि त्याने सगळी वाट लावलीये. माझा मुलगा पाचवीत आहे, कुठलीही गोष्ट वाचली की विचारतो, मग त्याने आईला फोन का नाही केला? बरोबरच आहे त्याचं. घरातून निघाला की "पोचलास का", पोचला की "फोटो पाठव", वर पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, त्यात कुठलं साहस नि कुठलं काय.

पण २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, गाड्या बंद, मोबाइल लागत नाहीत, कितीतरी उपनगरांत वीज नाही. पोरं शाळेत अडकलेली, आईबाप ऑफिसात नाहीतर कंबरभर पाण्यातून चालत घरी निघालेले. त्या रात्री कुणाचे आईबाबा कुठे आहेत हे खरंच माहीत नव्हतं, आणि शेकडो माणसं गेलीसुद्धा, त्यामुळे ही नुसती मजेची गोष्ट होणार नाही आणि होऊही नये. तरी मला ती दहा वर्षांच्या पोराच्या नजरेतून वाचायचीये, ज्याला एकीकडे मित्रांबरोबर वर्गात झोपायला मिळतंय म्हणून भारी वाटतंय, आणि दुसरीकडे बाबांनी सकाळी भांडून डबा न घेताच घर सोडलं होतं हे डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्या दिवशी बाबा परत आले की लेखकाने त्यांना शहाणं मात्र करू नये, संध्याकाळपर्यंत त्यांचं आणि आईचं परत भांडण झालंच पाहिजे.